हृदयाचं पुनर्वसन: घरून की केंद्रात जाऊन?

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर घरचे पेशंटला पलंगावरून उठू देत नाहीत, तिथंच पहिली चूक होते. डॉक्टरांनी परवानगी दिली की देखरेखीखालचा व्यायाम, म्हणजेच हृदयाचं पुनर्वसन, हवाच. तो नागपूरच्या केंद्रात करायचा की गोंदिया-गडचिरोलीच्या घरी व्हिडिओ कॉलवर, हे सोय बघून नको, धोका बघून ठरवा.

टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे रिपोर्टमधलं ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, ४० टक्क्यांच्या खाली, चालताना छातीत दुखणं, भोवळ किंवा ठोके अनियमित असतील, तर सुरुवात केंद्रातच, ईसीजी लावून. तिथं साधारणपणे आठवड्याला ३, अशी १२ आठवड्यांत ३६ सत्रं होतात. कमी धोक्याच्या पेशंटला घरूनही जवळपास तेवढाच फायदा होतो. मात्र पहिली तपासणी आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी समोरासमोरच व्हावी.

घरी जेवणानंतर दीड-दोन तास थांबा. बीपी आणि नाडी वहीत लिहा. वरचं बीपी १८०च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन करा. मग ५ मिनिटं हळू, १० मिनिटं जरा वेगात, पुन्हा ५ मिनिटं हळू चाला. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं, बीपी उतरतं आणि चक्कर येते.

‘२२० वजा वय’ हे जास्तीत जास्त नाडी काढायचं गणित विसरा. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी दाबून ठेवतात, त्यामुळे तो आकडा गाठायला गेलेला माणूस जास्त दमतो. चालताना वाक्य पूर्ण बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तेवढाच वेग बरोबर.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना नागपूरच्या फुटाळा तलावावर चालायला जायचं तर पहाटेच. नाहीतर घरात १० मीटरवर खडूची खूण करून येरझारा घाला. सेमिनरी हिल्सचा चढ इतक्यात नकोच. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर ५ किलोच्या वर उचलू नका. कुलरमध्ये ओतायची भरलेली बादली १५ किलोची असते, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

कॉलवर पावलांसकट पूर्ण शरीर दिसेल असा फोन ठेवा. घरात कोणीतरी असू द्या, आणि थेरपिस्टला आधीच पूर्ण पत्ता द्या. छातीत दाब आला तर लगेच बसा, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जिभेखाली ठेवा. ५ मिनिटांत आराम नाही पडला तर १०८ लावा.