पावसाळ्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) रुजू होताय? मग मण्यारीचा दंश ओळखायला शिका

बाँडची (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची) ऑर्डर जून-जुलैत हातात पडलेल्या नव्या एमओंसाठी, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी लिहितोय. मी दक्षिण रायगडात आहे, सगळा भातशेतीचा पट्टा. ओआरएस, झिंक, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची), पाण्याचे नमुने यावर शब्द खर्च करत नाही. अडलात तर आरोग्यसेवकाला विचारा, त्यातलं त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तापाबद्दल थोडक्यात. लावणी सुरू झाली की तापाच्या प्रत्येक पेशंटच्या पोटऱ्या दाबून बघा. डोळे लाल आणि पोटरीला हात लावू देत नसेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरून चाला. रिपोर्ट येईपर्यंत औषध अडवू नका. डेंग्यूत ताप उतरला की घरचे खूश होतात, पण खरा धोका त्याच एक-दोन दिवसांत असतो, हे केसपेपरवर नाही, तोंडाने सांगा. आणि तापाला डायक्लोची (डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची) सुई मारू नका. गावात आधीच्या डॉक्टरांच्या सुईच्या आठवणी निघतील, ‘याच्या हाताला गुण नाही’ असंही ऐकावं लागेल. ऐकून घ्या. महिनाभरात आशाताईच तुमची बाजू घ्यायला लागतात.

आता मण्यार.

घोणस-फुरसं चावलेला पेशंट फारसा फसवत नाही. पाय सुजलेला, दात उमटलेले, घरचे बरणीत साप घेऊन आलेले. मण्यारीचा पेशंट मात्र सर्पदंश म्हणून येतच नाही. रात्री जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. उलटी होते. अंगावर खूण नाही, सूज नाही, साप कोणी पाहिलेला नाही. घरचे म्हणतात, काल वशाट (मटण-मासे) जास्त झालं. तुम्हीही पित्ताचं रॅनिटिडीन-पॅन्टॉप लिहायला घेता.

समजा सर्पदंशाची शंका आली आणि तुम्ही रक्त गोठतं का बघायची वीस मिनिटांची टेस्ट लावली. इथेच पाय अडकतो, माझाही अडकला होता, म्हणून सावकाश सांगतो. दोन मिली रक्त, कोरडी नवी काचेची ट्यूब, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरपी करून बघायची. रक्त पातळ राहिलं तर घोणस-फुरशाचं विष. प्लॅस्टिकची ट्यूब किंवा साबणाने धुतलेली बाटली वापरलीत तर चांगलं रक्तही पातळ दिसू शकतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण रक्त छान गोठलं तर काय? तर काहीच नाही! मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, रक्त गोठण्याशी त्याचं देणंघेणं नाही. गोठलेली ट्यूब बघून ‘विष नाही, घरी जा’ म्हणालात तर तो माणूस वाटेत श्वास सोडेल. ही टेस्ट विष आहे हे सांगते, विष नाही हे सांगत नाही.

मग बघायचं कुठे? पापण्यांकडे. माझ्यासमोर बसलेला पोरगा औषध समजून घेताना मान मागे टाकून, हनुवटी वर करून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, रात्रभर जागलाय. तसं नव्हतं, पापण्या वर जात नव्हत्या, म्हणून तो डोक्यासकट नजर उचलत होता. तेव्हापासून पहाटेच्या प्रत्येक पोटदुखीला मी वर बघायला लावतो, जीभ बाहेर काढायला लावतो, थुंकी गिळता येते का विचारतो, एका दमात किती आकडे मोजतो ते ऐकतो. आणि आधी विचारतो, कुठे झोपला होता, खाली की खाटेवर?

पापणी पडली की थांबू नका. अॅड्रिनलीन सिरिंजमध्ये भरून ठेवा (रिअॅक्शन आली तर लागेल), टेस्ट डोस देत बसू नका, एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या) दहा व्हायल चालू करा. लहान मुलालाही तेवढ्याच. पावडर विरघळवताना व्हायल हातात हलके फिरवा, खदाखदा हलवलीत तर नुसता फेस. दहा व्हायलला वेळ लागतो, सिस्टर आणि शिपाई दोघांना बोलवा. ‘तिथे काही करू नकोस, सरळ रेफर कर’ सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. पहिला डोस न देता पाठवणं म्हणजे रेफर नव्हे, अंग काढून घेणं.

मात्र पडलेली पापणी डोसने लगेच उचलत नाही. निओस्टिग्मिन (स्नायूंची ताकद परत आणायचं इंजेक्शन) नागाच्या दंशाला चांगलं चालतं, मण्यारीला बहुधा नाही. एकदा देऊन बघा, आशेवर बसू नका. पुढचं काम अँबू बॅगचं, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचं. तिचा मास्क फाटलाय का, हे रुजू झाल्याच्या दिवशीच बघा. घाबरू नका, हातात बॅग आहे. श्वास वेळेत हाती घेतला तर असे पेशंट काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातात.

भगताकडे (मांत्रिकाकडे) जाऊन आलेत म्हणून नातेवाइकांवर ओरडू नका, पुढच्या खेपेला ते लपवतील आणि दंशाची वेळ चुकीची सांगतील.

108 ला फोन करतानाच पुढच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर रिकामा आहे का ते विचारा. चिठ्ठीवर किती व्हायल दिल्या, किती वाजता दिल्या, पापणी कधी पडली ते लिहा. रजिस्टरमध्ये ‘अज्ञात दंश’ लिहायची सवय सगळीकडे आहे. सर्पदंश नोंदणी बंधनकारक असलेल्या आजारांत घ्या, असं केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यांना कळवलंय. खूण दिसो न दिसो, ‘मण्यार संशयित’ असंच लिहा.