मुलातला खेळाडू ओळखावा कसा, घडवावा कसा आणि खर्च भागवावा कसा: ठाणे-नवी मुंबईतील पालकांसाठी

आपली मुलगी शाळेच्या शर्यतीत सर्वांच्या पुढे धावते हे लक्षात आले की बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न ‘कोणत्या अकादमीत घालू?’ असा असतो. वास्तविक हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. तिची शारीरिक क्षमता वयाच्या मानाने नेमकी कुठे आहे हा पहिला प्रश्न, आणि कोणत्या अधिकृत स्पर्धांतून ती वर जाणार हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती नसताना भरलेली अकादमीची फी बहुतेक वेळा वाया जाते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर घराजवळच्या मैदानावर मिळू शकते. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत, म्हणजे निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रांत, साधारण ८ ते १४ या वयात मुले निवडताना ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्या साध्या आहेत: उंची, वजन, ३० मीटर धावणे, ६ × १० मीटर धावणे, ८०० मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक आणि पुढे वाकून लवचिकता. एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, मोजपट्टी, चुन्याची पुडी आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच घेऊन मैदानावर जावे. ६ × १० मीटरच्या धावेत दोन रेषांमध्ये सहा फेऱ्या असतात आणि पाच वेळा वळावे लागते. घड्याळाइतकेच लक्ष पायांकडे ठेवावे. काही मुले रेषेच्या दोन पावले आधीच कंबर खाली घेतात, एका पायावर भार टाकतात आणि वळून लगेच सुटतात. काही मुले सरळ रेषेत वेगवान असूनही वळताना दोन-तीन पावले पुढे घसरतात. पहिल्या गटातले मूल बॅडमिंटन, कबड्डी किंवा खो-खोच्या प्रशिक्षकाला आवडेल. दुसऱ्या गटातल्या मुलाने आधी १०० मीटर धावून पाहावे. उभ्याने मारलेल्या उड्यांवरून पायांतली ताकद कळते, तर ८०० मीटरमध्ये शेवटचे २०० मीटर कसे धावले यावरून दमसास आणि जिद्द दोन्ही कळतात. हीच चाचणी दर तीन महिन्यांनी, त्याच मैदानावर आणि त्याच वेळी घ्यावी, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वर्षभराची चढण अधिक बोलकी असते.

याच टप्प्यावर पालक आणि प्रशिक्षक दोघेही फसतात. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. पण कोणाची वाढ दोन वर्षे आधी होते, कोणाची दोन वर्षे उशिरा. तेराव्या वर्षी ओठांवर मिसरूड फुटलेला मुलगा गटातल्या सर्वांना मागे टाकतो, त्यामागे पुष्कळदा केवळ लवकर आलेले वयात येणे असते आणि सतराव्या वर्षी बाकीची मुले त्याला गाठतात. त्यात शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट १ जानेवारीच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलाला नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलावर दहा महिन्यांची आघाडी आयती मिळते. म्हणून घरातल्या दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने उंचीची खूण करून शेजारी तारीख लिहावी. खुणांमधले अंतर अचानक वाढू लागले की वजन उचलण्याचा आणि उड्यांचा सराव कमी करून तंत्रावर भर द्यावा, कारण गुडघे आणि टाचा दुखावण्याचा धोका या काळात जास्त असतो. बाराव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिम्नॅस्टिक्स आणि काही अंशी पोहणे हे त्याला अपवाद.

सरावासाठी सुरुवातीलाच महागड्या जागेची गरज नसते. ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे, महापालिकेची सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजना आहे; नवी मुंबईत नेरुळचे यशवंतराव चव्हाण मैदान आहे. फुटबॉलसाठी नवी मुंबईतच रिलायन्स फाउंडेशनची निवासी, शिष्यवृत्तीवर चालणारी अकादमी आहे. तिथे निवड चाचणीतूनच प्रवेश मिळतो. जागा निवडताना मी प्रवासाला फार महत्त्व देतो. ऐरोलीच्या मुलाला ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्यात येणे सोपे आहे, पण घोडबंदर रोडवरून संध्याकाळी निघालेल्या मुलाचा दीड तास बसमध्ये गेला, तर तो वेळ त्याच्या झोपेतून वजा होतो, आणि वाढीच्या वयात झोप हाही सरावाचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न अधिकृत स्पर्धांचा. त्यांचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी चालावे लागते. पहिला शालेय: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या स्पर्धा महापालिका किंवा जिल्हा पातळीवरून मुंबई विभागात, तिथून राज्यात आणि पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धेत जातात. दुसरा संघटनेचा: जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ. या दोन मार्गांच्या बाहेर ‘नॅशनल’ नावाने भरणाऱ्या स्पर्धांपासून सावध राहावे. माझ्या पुतण्याने अशाच एका स्पर्धेत भाग घेतला; प्रवेश फी, ट्रॅकसूट आणि तीन दिवसांचा मुक्काम यांवर घरचे पैसे गेले, सुवर्णपदकही मिळाले. दहावीला सवलतीच्या क्रीडागुणांसाठी प्रमाणपत्र दाखवले तेव्हा कळले की ती संघटना मान्यताप्राप्तच नव्हती. फी भरण्याआधी संघटनेची मान्यता जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घेतली असती, तर एका फेरीत काम झाले असते.

शासनाच्या थेट निवडीचे दरवाजेही माहीत असावेत. क्रीडा प्रबोधिनीत वर सांगितलेल्या चाचण्यांखेरीज, राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांसाठी कौशल्य चाचणी आणि सरळ प्रवेश असे मार्ग आहेत. पुण्यातले बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल हे या व्यवस्थेचे मोठे केंद्र. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आपल्याला जवळ म्हणजे कांदिवलीत आहे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये ‘कीर्ती’ हा ९ ते १८ वर्षे वयोगटासाठीचा प्रतिभाशोध उपक्रम सुरू केला, तर राज्याने १२ खेळांतले खेळाडू घडवण्यासाठी ‘मिशन लक्ष्यवेध’ ही योजना आखली आहे. सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्यांकडे, म्हणजे मुलांना खेळाडू म्हणून घडवणाऱ्या सैन्याच्या तुकड्यांकडे, शहरी पालकांचे लक्ष सहसा जात नाही. राहणे, शिक्षण आणि प्रशिक्षण तिन्ही तिथे होते.

आता पैसा. मदत नेहमी निकालानंतर येते, हे गृहीत धरूनच घरचा हिशेब मांडावा. ‘खेलो इंडिया’साठी निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद असते, पण त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, एवढेच खेळाडूच्या हातात येतात; उरलेली रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार, शिक्षण आणि स्पर्धा यांवर खर्च होते. निवड टिकली तर ही मदत आठ वर्षांपर्यंत मिळू शकते, मात्र कामगिरीचा आढावा वरचेवर होतो आणि नावे गळतातही. ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘टॉप्स’ योजनेत मुख्य गटाला महिन्याला ५० हजार आणि विकास गटाला २५ हजार रुपये भत्ता मिळतो, पण तिथे पोहोचेपर्यंत खेळाडू आंतरराष्ट्रीय पातळीवर आलेला असतो. ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट किंवा पुण्याची लक्ष्य यांसारख्या, खेळाडूंना मदत करणाऱ्या खासगी संस्थाही राष्ट्रीय पदकांच्या आसपास पोहोचलेल्यांकडेच पाहतात. म्हणजे पहिली पाच-सहा वर्षे घरचीच.

ही वाट किती लांब असते हे कोल्हापूर जिल्ह्यातले नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्याकडे पाहून कळते. २००९ मध्ये ते क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, नाशिकमध्ये नेमबाजी शिकले, २०१५ मध्ये मध्य रेल्वेत नोकरीला लागले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. प्रवेशापासून पदकापर्यंत पंधरा वर्षे. मधल्या काळात रेल्वेचा पगार नसता तर नेमबाजीसारखा खर्चिक खेळ चालू ठेवणे किती कठीण गेले असते, याचा अंदाज कोणत्याही मध्यमवर्गीय घराला येईल. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदल यांतली खेळाडूंची भरती ही म्हणूनच आपल्याकडची सर्वांत भरवशाची शिष्यवृत्ती आहे.

राष्ट्रीय पातळी जवळ आली की उत्तेजक द्रव्यांची चाचणी होऊ शकते, अल्पवयीन मुलांचीही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्पर्धाकाळात मर्यादेबाहेर चालत नाहीत अशी द्रव्ये असतात. ‘मुलगी स्पर्धा खेळते’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे आणि प्रोटीनचे डबे कोणाच्या सांगण्यावरून आणू नयेत. काही खेळांत वयाची खातरजमा मनगटाच्या एक्स-रेने होते. जन्मतारखेत फेरफार करून दिलेला ‘फायदा’ तिथे उघडा पडतो.

शेवटी कागद. प्लॅस्टिकच्या खिशांची एक फाइल पहिल्या स्पर्धेपासून ठेवावी: जन्मदाखला, आधार, शाळेचे बोनाफाइड, प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र आणि त्यामागे प्रवेशिकेची व निकालपत्राची प्रत. जन्मदाखल्यावर ‘श्रुती’ आणि आधारवर ‘श्रृती’ असा फरक असेल तर तो आठवीतच दुरुस्त करून घ्यावा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते. तेव्हा मुलगी पंचविशीची झालेली असते आणि पडताळणीला दहा वर्षांपूर्वीचा कागद मूळ स्वरूपात लागतो.