रेसर व्हायचंय म्हणता? आधी एक वही घ्या

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात पप्पांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. समोरून पुणे-बंगळुरू हायवे जातो. हाच राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे बेळगाव, हुबळी, तुमकूर, बंगळुरू, वेल्लोर असं करत श्रीपेरुंबुदूरला पोचतो. तिथून थोडं पुढं इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव लागतं, आणि या गावात आमच्या बाइक रेसिंगचं पंढरपूर आहे: मद्रास मोटर रेस ट्रॅक. हल्ली त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. ३.७ किलोमीटरचा फेरा, बारा वळणं. मी तेराव्या वर्षी पहिल्यांदा तिथं गेलो ते पिकअपमध्ये मागं, गाडीशेजारी गादी टाकून. आता विशीत आहे. राष्ट्रीय स्पर्धेत एका खाजगी टीमकडून १६५ सीसीच्या गटात धावतो आणि मधल्या दिवसांत ट्रॅकवर नवख्यांना शिकवतो. म्हणजे अजून मोठा कुणी झालेलो नाही. तरी लिहितोय, कारण गॅरेजवर दर आठवड्याला एखादं पोरगं येतं, "भावा, मला पण रेसर व्हायचंय," म्हणतं, आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं.

त्यातलं पहिलं कुणालाच आवडत नाही. पोरगं पंधरा वर्षांचं असतं आणि बापाची यामाहा आर-वन-फाइव्ह घेऊन आलेलं असतं. वर, रंकाळ्याच्या रस्त्यावर आपण किती पळवली ते फुशारकीनं सांगतं. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलगा गाडीवर सापडून गुन्हा शाबीत झाला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी जाते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्रॅकवर मात्र रस्त्याचं लायसन्स लागत नाही. तिथं लागतं भारतातल्या मोटर रेसिंगच्या फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं, स्पर्धेचं लायसन्स. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला, रक्तगट, आणि अठराच्या आत असाल तर आई-वडिलांच्या सह्या. थोडक्यात, रंकाळ्यावर जे गुन्ह्यात बसतं ते ट्रॅकवर अठराच्या आतही कायदेशीर करता येतं. मग रस्त्यावर कशाला मरायचं?

सुरुवात कुठून करायची हे गावावर अवलंबून आहे. आमच्याकडे कोल्हापुरात मोहिते ट्रॅक आहे, मुळात गो-कार्टिंगचा. छोट्या गाडीवर वळण शिकायला तो पुरतो. महाराष्ट्रातली बरीच पोरं मातीतून येतात, डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसमधून. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली, त्यात ८५ सीसीचा एक गट खास लहान मुलांसाठी होता. माती हलकी समजू नका. मागचं चाक घसरलं की घाबरून थ्रॉटल बंद करायचा नाही, हे डांबरावर शिकायला हाड मोडावं लागतं. मातीत नुसतं अंग माखतं. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी मिनीजीपीची भारतीय मालिकाही २०२२ पासून आहे, छोट्या १६० सीसीच्या गाड्यांवर. मी लहान होतो तेव्हा हे नव्हतं, त्यामुळे थोडा जळतो, खरं सांगतो.

पैशाचं बोलू. रेसिंगमध्ये शिरायची दोन दारं आहेत. एक खाजगी: गाडी आपली, टायर आपले, मेकॅनिक आपला, आणि पडलो तर फूटपेग, लिव्हर, क्रँककेसचं कव्हर हेही आपलंच. राष्ट्रीय स्पर्धेत नवख्यांसाठी १६५ सीसी स्टॉकचा, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांचा, नोव्हिस गट असतो, मुलींचा वेगळा गट असतो. आमच्या घरी गॅरेज होतं म्हणून मी हे दार ढकलू शकलो, तरी माझ्या वहीत निम्म्याहून जास्त खर्च टायर, डिझेल आणि लॉजचा आहे. दुसरं दार वन-मेकचं. कंपनी सगळ्यांना एकसारखी गाडी देते, मेकॅनिकही तिचेच. टीव्हीएसची वन-मेक १९९४ पासून चालू आहे. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये पोरांना काही वर्षं थेट एनएसएफ २५० आर मिळत होती, ही मोटो३ च्या, म्हणजे जागतिक स्पर्धेतल्या सर्वांत लहान गटाच्या, जातीची खरी रेसची गाडी, बाजारात नंबरप्लेट लावून मिळणारी नव्हे. साध्या घरातल्या पोराला हेच दार परवडतं. फक्त ते दार उघडतं निवड चाचणीच्या दिवशी, आणि त्या दिवसाबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. माझाही होता.

मी पंधरा वर्षांचा असताना अशा एका चाचणीला गेलो. कंपनीचं नाव राहू दे. पन्नासेक पोरं होतो. माझा सर्वांत चांगला लॅप त्या दिवशीचा दुसऱ्या नंबरचा वेगवान लॅप होता. मी घरी फोन करून पेढे आणायला सांगितले. संध्याकाळी यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. माझ्यापेक्षा सेकंदभर हळू असलेल्या दोघांची होती. रडू आवरून मी तिथल्या एका प्रशिक्षकाकडं गेलो. त्यांनी कागद पुढं केला. माझे सहा लॅप, आणि सर्वांत वेगवान व सर्वांत हळू लॅपमध्ये तीन सेकंदांहून जास्त फरक. त्या दोघांचे सगळे लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत. मग त्यांनी विचारलं, तिसऱ्या वळणाला कुठला गिअर होता? मी म्हटलं, तिसरा, नाहीतर चौथा असेल. ब्रेक कुठं सोडलास? मला सांगता येईना. "तू वेगात गेलास, पण कसा गेलास ते तुलाच माहीत नाही. मग उद्या पुन्हा कसा जाशील?" एवढंच बोलले आणि चहा प्यायला निघून गेले.

परतीच्या वाटेवर चित्रदुर्गच्या आसपास धाब्यावर थांबलो तेव्हा पप्पांनी पिकअपच्या डॅशबोर्डवरची डिझेलच्या हिशेबाची वही काढली, मागून उलटी केली आणि म्हणाले, "लिही. वळणं बारा, पानं बारा." ती वही अजून आहे. प्रत्येक वळणाला एक पान: कुठल्या खुणेला ब्रेक लावला, किती गिअर खाली, गुडघा कुठं टेकला, थ्रॉटल कुठून उघडला. शेजारी टायरचं प्रेशर, हवा, ऊन, वेळ. ब्रेकिंगच्या पाट्या असतात त्या सगळ्यांनाच दिसतात, पण माझ्या वहीत डांबराचा एक काळपट ठिगळ आहे, कठड्यावरचा एक उडालेला रंग आहे. पुढच्या वर्षीच्या चाचणीत माझा सर्वोत्तम लॅप पाचव्या नंबरचा होता आणि माझी निवड झाली.

१६५ सीसीच्या गाडीला पंधरा-वीस हॉर्सपॉवर. एवढ्याशा ताकदीवर सरळ रस्त्यात कुणीच कुणाला सोडून जात नाही, पुढच्याच्या मागं हवेच्या आडोशाला चिकटून दहा जणांचा घोळका पळतो. वळणात घालवलेला वेग परत मिळवायला पूर्ण सरळ पट्टी लागते. म्हणून छोट्या गाडीवर धीट माणसापेक्षा मऊ हाताचा माणूस पुढं येतो. ब्रेक एकदम सोडायचा नाही, वळणात शिरता शिरता बोटाबोटानं सोडत जायचं, म्हणजे पुढच्या टायरवर वजन राहतं. वजनावरून आठवलं: अशा गाडीवर चार किलोसुद्धा कळतात. मटणाचा तांबडा-पांढरा मी सोडलेला नाही, भात सोडला. मित्र यावर हसतात. हसू देत.

गॅरेजमध्ये वाढल्याचा फायदा स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला, होतो. आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, साइड स्टँड सगळं काढायचं. ऑइलच्या ड्रेन बोल्टला लॉक वायर बांधायची, कारण बोल्ट सैल होऊन तेल सांडलं तर मागून येणारे सगळे त्यावरून घसरणार. खाली सांडलेलं तेल झेलणारा बेली पॅन हवा. पहिल्यांदा माझी वायर उलट्या बाजूनं पिळलेली होती, बोल्ट घट्ट होण्याऐवजी सैल होईल अशी. तपासनिसानं मान हलवून परत पाठवलं. शेजारच्या पिटमधल्या एका तमिळ मेकॅनिकनं स्वतःचा चिमटा देऊन बांधून दाखवली. तिकडं "अण्णा" म्हणून हाक मारली की काम होतं. हा शब्द मला शिकावा लागला नाही, कोल्हापुरातून घेऊनच गेलो होतो. झेंडे मात्र पाठ करा, हसण्यावारी नेऊ नका. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारंगी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोडा.

कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे दुसरी शाळा. २.१ किलोमीटर, आखूड आणि अरुंद, जुन्या धावपट्टीवर झालेला. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. तिथं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी, म्हणजे जगातली सर्वांत वरची बाइक शर्यत, झाली तेव्हा आम्ही चौघं जनरल डब्यातून गेलो होतो, बेझेकी जिंकला ते पाहायला. मोटो३ ची पोरं पहिल्या वळणात एकमेकांच्या कोपराला कोपर लावून शिरतात. टीव्हीवर त्या अंतराचा अंदाजच येत नाही.

त्या पोरांपर्यंतची वाट अशी: आशियात आशिया टॅलेंट कप, २०१४ पासून, सगळ्यांना एकसारखी होंडा (२०२६ पासून त्याचं नाव मोटो४ आशिया कप). तिथून युरोपात रूकीज कप किंवा ज्युनियरजीपी या तरुणांच्या मालिका, मग मोटो३, मोटो२, मोटोजीपी. थायलंडचा सोमकियत चांत्रा २०१६ चा आशिया टॅलेंट कप जिंकला आणि २०२५ मध्ये मोटोजीपीत पोचला. जपानचा आय ओगुरा याच कपातून वर आला, २०२४ चा मोटो२ विजेता झाला. रूकीज कप २०१४ मध्ये होर्हे मार्तीननं आणि २०२० मध्ये पेद्रो आकोस्तानं जिंकला. आपल्याकडून चेन्नईचा सरथ कुमार २०११ मध्ये १२५ सीसीच्या ग्रां प्रीत उतरला, तो पहिला भारतीय. मोटोजीपीचा विजेता मार्क मार्केझ पंधराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत होता, हे सांगून पोरं स्वतःला म्हातारं समजतात. आता तसं चालत नाही. २०२१ मध्ये युरोपात तीन तरुण रेसर अपघातात गेले, दोघे तर चौदा आणि पंधरा वर्षांचे. त्यानंतर वयाची मर्यादा वाढवली आणि २०२३ पासून ग्रां प्रीसाठी, थोडे अपवाद सोडले तर, अठरा वर्षांची अट आली. उशिरा सुरू केलेल्या आमच्यासारख्यांना थोडा दिलासा म्हणायचा. पण युरोपातलं पोर पाच वर्षांचं असल्यापासून छोट्या गाडीवर असतं, हेही विसरू नका.

आता जे लिहायला नको वाटतं ते. ५ ऑगस्ट २०२३ ला आमच्याच चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत गेला. हुशार मुलगा, त्याच्याकडून सगळ्यांना फार आशा होती. मी त्या फेरीला नव्हतो, कोल्हापुरात होतो. आईनं बातमी पाहिली, काही बोलली नाही, माझा लेदर सूट तिजोरीच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. जवळजवळ दोन महिने तो तिथंच होता. त्याआधी माझा कॉलरबोन एकदा मोडला होता, तेव्हाही ती इतकी गप्प नव्हती. या खेळात मरण आहे, हे घरी स्पष्ट बोलून घ्या. आई-बापाकडून फॉर्मवर सही घेताना तो कागद त्यांना मराठीत वाचून दाखवा. मी दाखवला नव्हता. इंग्रजीत होता, बोट ठेवून "इथं सही कर" म्हणालो होतो.

शाळेबद्दल थोडंच. दहावीनंतर मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेलो, बारावीच्या बोर्डापेक्षा वेळ सांभाळता येईल या हिशेबानं. हजेरीचे वांधे झालेच, एक सेमिस्टर राहिलं. पण सस्पेन्शनचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, कमी-जास्त केल्यावर काय होतं ते मला सूत्रातून कळलं, तेव्हा टीमच्या इंजिनिअरशी बोलताना तोंड उघडायला लागलं. आणि इंग्रजी शिका. पुढचं टायर ढकलतंय की मागचं घसरतंय, हे चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. माझ्याबरोबर निवडलेल्या अकरा जणांपैकी आज तिघं धावतात. एक गाडी कंपनीत टेस्ट रायडर आहे, एक डेटा बघतो, एक दुबईत वर्कशॉपमध्ये आहे, आणि पगार त्याचाच सर्वांत जास्त आहे. बाकीच्यांनी सूट विकले. त्यातला एक मीच घेतला, खांद्यात थोडा सैल होतो.

सूट परत कसा मिळाला ते राहिलं. गणपतीनंतर एका संध्याकाळी आईनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि पट्टा कसा बांधतात ते दाखव म्हणाली. दोन कड्यांतून पट्टा घालून, एकातून परत उलटा ओढायचा. तिनं पाच-सहा वेळा स्वतः बांधून पाहिला, ओढून पाहिला. मग किल्ली दिली. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीआधी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जाण्यापूर्वी हनुवटीखालच्या पट्ट्याचा फोटो तिला पाठवायचा असतो. हातमोजे घातले की फोन चालत नाही, त्यामुळे ते काम मेकॅनिक करतो. परवा कोइंबतूरला तो विसरला, आणि मी वॉर्म-अप लॅपला निघायच्या बेतात असताना पिटच्या भिंतीवरून त्याचा फोन वाजायला लागला.