एडलवाईस: पाणी आणि खत, दोन्हींत हात आखडता ठेवा

हिवाळा सरू लागला की एडलवाईसच्या कामांना हात घालावा. आल्प्स, पिरिनीज, कार्पेथियन पर्वतांत साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर, बहुतेक चुनखडीच्या जमिनीत वाढणारी ही बहुवर्षायू वनस्पती. कडाक्याची थंडी ती सोसते. कुंडीत दगावते ती बहुधा बुडाशी साचलेल्या ओलीने.

बी धुळीसारखे बारीक असते. ते ओलसर बारीक वाळूत मिसळून डबीत भरा आणि ३ ते ४ आठवडे फ्रिजमध्ये ३ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवा, फ्रीझरमध्ये नको. मग वाळूसकट ट्रेमध्ये पसरून हलके दाबा. वर माती टाकू नका, उगवणीला उजेड लागतो. झारीने पाणी दिले तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून ओल खालून चढू द्या. १५ अंशांच्या आसपास २ ते ४ आठवड्यांत कोंब दिसतात. कोंबाच्या पहिल्या बीजपानांनंतर येणारी चार खरी पाने आली की रोपे वेगळी करा. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी धरतात.

मिश्रणात चाळलेली बागेची माती १ भाग, कुजलेला पालापाचोळा १ भाग आणि ३ ते ६ मिलिमीटरची धुतलेली बारीक खडी २ भाग घ्या. सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) ६.५ ते ७.५ असला की पुरे. पक्क्या भाजलेल्या मातीची १५ सेंटिमीटरची कुंडी उत्तम. तळाशी खापऱ्यांचा थर देण्याची सवय मात्र सोडा. बारीक मिश्रणातले पाणी ते पूर्ण भिजेपर्यंत भरड थरात उतरत नाही, त्यामुळे ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की काम भागते.

लावताना रोपाचा गळा (मुळे आणि देठ जुळतात ती जागा) मातीच्या पातळीच्या किंचित वर ठेवा आणि भोवती २ सेंटिमीटर खडी पसरा. पाने जमिनीलगत पसरतात. ओल्या मातीला टेकली की त्यांची लव चिकटते आणि तिथून कूज सुरू होते. वरून रोप ठणठणीत दिसते, पण पाने उचलून पाहिली तर देठ तपकिरी, बुळबुळीत झालेले सापडतात. असे भाग लगेच कापा, खडी बदला आणि पाणी थांबवा.

वरची २-३ सेंटिमीटर माती सुकल्यावरच पाणी द्या, तेही सकाळी आणि पानांवर न पाडता. सततच्या पावसात कुंडी वरून झाकलेली, पण चारी बाजूंनी वारा खेळेल अशी ठेवा. खोलीत आणून ठेवणे म्हणजे रोपाची दैना. दिवसाला किमान ६ तास थेट ऊन हवे. कडक उन्हाळ्यात दुपारपुरती सावली करा आणि कुंडी ओलसर वाळूत काठापर्यंत पुरा, मुळे तापत नाहीत.

खत वसंतात एकदाच द्या: पालाश (पोटॅश) जास्त, नत्र (नायट्रोजन) कमी असलेले द्रवखत, निम्म्या मात्रेत. नत्र वाढले की देठ लांबून लोळतात आणि फुलांभोवतीची पांढरी लवदार छदे (पाकळ्या नव्हेत, फुलांलगतची पानेच) हिरवट पडतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर बोटाने पुसून काढा; साबणाचे पाणी लवेत अडकून राहते.

झाड अल्पायुषी आहे, बहुधा ३ ते ५ वर्षांत विरळ होते. दर २-३ वर्षांनी नवी वाढ सुरू होताना गड्डा काढून मुळे असलेले तुकडे वेगळे लावा. जोडीला थोडे बीही पेरून ठेवा, कारण जुन्या गड्ड्याचे सगळेच तुकडे जगतील असे नाही.