बीएमआय ४२ दिसला म्हणून लठ्ठपणाचा कोड टाकू नका

मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं निदान ठरलेल्या कोडमध्ये मांडण्याच्या कामात, अमेरिकन चार्टचं (पेशंटच्या नोंदींचं) ऑडिट करताना एक चूक सतत सापडते. व्हायटल्समध्ये (वजन, रक्तदाब वगैरे मोजमापांत) नर्सने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४२.३ नोंदवलेला असतो, खाली असेसमेंटमध्ये (निदानाच्या भागात) डॉक्टरांनी फक्त टाइप २ मधुमेह आणि रक्तदाब लिहिलेला असतो. तरी कोडरने ई६६.८१३ (क्लास ३ लठ्ठपणा) आणि झेड६८.४१ (बीएमआय ४०.० ते ४४.९) दोन्ही ठोकलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पण बेचाळीस आहे ना, मॅडम!"

असू दे बेचाळीस. आकडा नर्सच्या किंवा आहारतज्ज्ञाच्या नोंदीतून घेता येतो, पण लठ्ठपणाचं निदान प्रोव्हायडरनेच (उपचार करणाऱ्या डॉक्टरने वगैरे) लिहिलेलं हवं. तसं संबंधित निदानच नसेल तर झेड६८ सुद्धा नाही, कारण तो कायम दुय्यम कोड. मग क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना प्रश्न, पाठवा. मात्र "मॉर्बिड ओबेसिटी (तीव्र लठ्ठपणा) लिहाल का?" असं डॉक्टरांच्या तोंडी घालू नका. उंची, वजन, बीएमआय मांडा आणि याच्याशी निगडित काही निदान आहे का, एवढंच विचारा.

ई६६.८११, ई६६.८१२, ई६६.८१३ हे लठ्ठपणाच्या क्लास १, २, ३ चे (चढत्या तीव्रतेचे) कोड १ ऑक्टोबर २०२४ पासूनचे. ३० सप्टेंबर २०२४ ची व्हिजिट तुम्ही नोव्हेंबरात कोड केलीत तरी ते चालत नाहीत. नुसतं 'ओबेसिटी' लिहिलंय आणि बीएमआय ३७ आहे, म्हणून क्लास २ आपण ठरवायचा नाही, तिथे ई६६.९ (प्रकार न सांगितलेला लठ्ठपणा). 'मॉर्बिड ओबेसिटी' असेल तर ई६६.०१. आपल्याकडचे डॉक्टर २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, तेही डोक्यातून काढा. पेशंट भारतीय वंशाचा असला तरी चार्टमध्ये काय लिहिलंय तेवढंच आपलं.

पूर्णांक करायची खोडही महागात पडते. उंची ५ फूट ६ इंच, वजन २४७ पौंड, बीएमआय ३९.९. एकाने त्याचे ४० केले आणि झेड६८.४१ लावला. ३९.० ते ३९.९ म्हणजे झेड६८.३९, विषय संपला.

दोन ते एकोणीस वर्षांच्या पेशंटला पर्सेंटाइलचे (त्याच वयाच्या मुलांशी तुलनेचे) झेड६८.५ वाले कोड लागतात. आणि गरोदर बाईच्या चार्टवर झेड६८ मुळीच नको. लठ्ठपणाचं निदान लिहिलेलं असेल तर आधी ओ९९.२१ (गरोदरपणातला लठ्ठपणा) तिमाहीच्या अंकासह, मग ई६६. बीएमआय कितीही ठळक छापलेला असो.