शुगर उतरेना? उन्हाळ्यात इन्सुलिन-सेन्सरच्या या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे गेला की मेडिकलवर एक तक्रार हमखास ऐकू येते: डोस तोच, जेवण तेच, तरी शुगर तीनशेच्या घरात. डोस वाढवून मागण्याआधी इन्सुलिन कुठे ठेवलं होतं ते आठवा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं इन्सुलिनचं पेन बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत, आणि बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवसच. पत्र्याच्या घरात मे महिन्यात रात्रीसुद्धा एवढं गार होत नाही, मोटारसायकलच्या डिकीचं तर बोलायलाच नको. लाइट गेली की काहीजण पेन सरळ बर्फात खुपसतात. तेही चुकीचंच, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही टाकूनच द्यावं लागतं. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात पेन ठेवून डबा माठातल्या पाण्यात सोडा. कोरड्या उन्हात माठ चांगला गार राहतो, पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. आणि बाटली दिसायला स्वच्छ आहे म्हणजे औषध चांगलं आहे, असं नाही.

याहून घातक चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज. पेनच्या कार्ट्रिजमधलं (आतल्या इन्सुलिन भरलेल्या नळीतलं) एका मिलिलिटरला १०० युनिटचं. पेन अडकलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलंत, तर अंगात जातात २५ युनिट! घाम, थरथर, बेशुद्धी, सगळं तासाभरात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई लावू नका.

दंडावर चिकटवलेल्या, सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा बोटाच्या रक्ताशी तंतोतंत जुळणार नाही. तो पेशी-पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे जेवणानंतर काही मिनिटं मागेच असतो. सेन्सर लावलेल्या दंडाच्या कुशीवर झोपलात, तर मध्यरात्री शुगर घसरल्याचा खोटा अलार्म वाजू शकतो. लक्षणं आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल तर बोटातून तपासा. पण केशर आंबा चोखलेल्या हातांनी नको, आधी साबणाने धुवा. बरीच ग्लुकोमीटरं ४० अंशांच्या वर चालतच नाहीत. उन्हातून आणलेलं मशीन थोडं गार होऊ द्या, मगच पट्टी लावा.

मार्च २०२५ पासून मौंजारो हे टाइप २ मधुमेहावरचं आणि वजन कमी करण्याचं इंजेक्शन भारतात मिळतं. आठवड्यातून एकदा टोचायचं म्हणून काहीजण त्याला ‘आठवड्याचं इन्सुलिन’ समजतात आणि रोजचं बंद करून टाकतात. हे औषध इन्सुलिन नाही. टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही अशा रुग्णाने असं केलं तर जिवावर बेतेल. डोस २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि चार आठवड्यांनी वाढवतात, म्हणून शेजाऱ्याचं मोठ्या डोसचं पेन उसनं घेऊ नका. उलट्या-जुलाब लागले आणि पाणीही पोटात ठरेना, तर पुढच्या इंजेक्शनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा उन्हात अंगातलं पाणी आटलं की किडनीला झटका बसतो.