बसाल्टची सवय घेऊन वाळवंटात जाणाऱ्यांसाठी

पुण्यात जिऑलॉजी करून राजस्थानात भूजलाच्या प्रोजेक्टवर निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. अ‍ॅक्विफर (पाणी धरणारा आणि देणारा थर) म्हणजे काय, साऊंडिंग (जमिनीत करंट सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणं) कसं करतात, ट्रान्समिसिव्हिटी (थरातून पाणी किती सहज वाहतं ते) कशी काढतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर जायच्या आधी शिकून घ्या. तिकडे शिकवायला कुणाला वेळ नसतो, आणि दुपारी बारानंतर डोकंही चालत नाही.

आपलं सगळं शिक्षण बसाल्टवर झालेलं असतं. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याच दगडाचा, त्यामुळे त्यात कुणाची चूक नाही. सासवड-मुळशीच्या फील्डवर काय बघितलं? वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कठीण थर. पावसाळ्यात विहीर भरते, मे महिन्यात तळ दिसतो. जैसलमेरला वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्या आत. आपल्या ताम्हिणीत तेवढा एखाद्या दिवसात कोसळतो. आणि तिथलं लाठी सँडस्टोन नावाच्या वालुकाश्मातलं बरंचसं पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं आहे, खडक तर जुरासिक काळातला. तेव्हा मान्सूनआधीची पातळी वजा मान्सूननंतरची पातळी, हा आपला लाडका तक्ता तिथे फारसं काही सांगत नाही. उपसा किती चाललाय ते मात्र वर्षावर्षाच्या आकड्यांतून बरोबर कळतं.

आता मुख्य सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी यात अडकले होते आणि अजून आठवलं की कान गरम होतात.

बसाल्टमध्ये रेझिस्टिव्हिटीचा, म्हणजे खोलीप्रमाणे बदलणाऱ्या विद्युत रोधाचा, कर्व्ह कसा असतो? सुरुवातीला जास्त, मध्ये खाली येतो, मग पुन्हा वर चढतो. याला म्हणतात एच टाइप. मधला खड्डा म्हणजे पाणी धरलेला मुरूम, साधारण २० ते ४० ओहम-मीटर. तो खड्डा जितका रुंद तितका बोअरचा पॉइंट चांगला. हे इतक्या वेळा घोटलेलं असतं की ‘कमी रोध म्हणजे पाणी’ असं समीकरण डोक्यात पक्कं बसतं.

थरच्या वाळवंटात कर्व्ह पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली जातो. वर कोरडी वाळू, शेकड्यांत किंवा हजाराच्या वर. मग ४०. मग ४. पुण्याचा डोळा म्हणतो, वा, खाली पाणीच पाणी, १५० मीटरपर्यंत जाऊ द्या. मीही नेमका तसाच शेरा लिहिला होता. प्रत्यक्षात ४० म्हणजे गोडं पाणी आणि ४ म्हणजे मीठ.

हिशोब साधा आहे, तो पाठच करा. पाण्याची ईसी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता (क्षार जास्त तितकी ती जास्त), सेंटिमीटरला मायक्रोसीमेन्समध्ये घ्या आणि १०,००० ला त्या आकड्याने भागा. पाण्याचा रोध ओहम-मीटरमध्ये मिळतो. ईसी १,००० असेल तर १०. ईसी १०,००० असेल तर १. स्वच्छ वाळूचा फॉर्मेशन फॅक्टर (भिजलेल्या वाळूचा रोध पाण्याच्या रोधाच्या किती पट ते) ४ धरला तर पहिल्या पाण्याने भरलेली वाळू ४० दाखवेल, दुसऱ्या पाण्याने भरलेली ४. वाळू तीच, भोकं तीच, फक्त पाणी वेगळं. बसाल्टमध्ये हे लक्षात येत नाही, कारण आपल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी गोडंच असतं आणि रोध बदलतो तो खडकामुळे.

यात अजून एक गोम आहे. चिकणमातीही ५ ते १५ दाखवते आणि मचूळ पाण्याची वाळूही तेवढंच दाखवते. नुसत्या साऊंडिंगवरून या दोघींना वेगळं करता येत नाही. रीडिंग्ज टाकली की आयपीआय टू विन हे सॉफ्टवेअर दोन्ही मॉडेलं तितक्याच कमी एररमध्ये बसवून देतं. दोन टक्के एरर आली म्हणून मॉडेल बरोबर, असं सांगणारा सीनियर भेटला तर त्याला चहा पाजा आणि सल्ला ड्रिलरचा घ्या.

माझं मत विचाराल तर तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा तीन दिवस रिगजवळ (बोअर मारायच्या यंत्राजवळ) बसणं बरं. दर तीन मीटरला कटिंग्ज (बोअरमधून वर येणारा चुरा) कसे बदलतात, वाळू कधी चिकट होते, हे बोटांना कळावं लागतं. आणि स्क्रीनसमोरून कधी उठलेच नाहीत अशा मार्गदर्शकांचा मला वैयक्तिक राग आहे, तो इथे बाजूला ठेवते.

तर करायचं काय? साऊंडिंगच्या आधी आसपासच्या प्रत्येक चालू ट्यूबवेलची ईसी आणि खोली घ्या. पंप सुरू करून पाणी थोडा वेळ वाहू द्या, मगच नमुना भरा, नाहीतर पाइपातलं साचलेलं पाणी मोजाल. ईसीचा मीटर रोज सकाळी १,४१३ ईसीच्या स्टँडर्ड द्रावणात बुडवून तपासा, उन्हात तो भरकटतो. सोबत गावात विचारा. बाडमेरकडे एका म्हाताऱ्याने माझा ग्राफ न बघताच सांगितलं होतं, “ऊपर मीठो, नीचे खारो.” म्हणजे वर गोडं, खाली खारं. कर्व्हमध्ये तेच होतं. बेऱ्या, म्हणजे तिथल्या उथळ छोट्या विहिरी, कुठे आहेत तेही नकाशावर टाका. जिप्समच्या थराने पावसाचं पाणी वरच अडवून धरलेलं असतं, त्यावर त्या चालतात. हा पातळ थर तुमच्या साऊंडिंगमध्ये बहुधा दिसणारच नाही. तो फोडून खाली बोअर नेलात तर गावाची बेरीही घालवाल.

फ्लोराइड ईसीच्या मीटरवर दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. पिण्याच्या पाण्यात परवानगीची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे आणि नागौरसारख्या भागात गोड लागणारं पाणीही त्याच्या वर असू शकतं. बाटली लॅबला पाठवायचीच.

घाबरवलं असेल तर थोडं थांबा. पहिले पंधरा दिवस सगळ्यांचेच वाईट जातात. कोरड्या वाळूत इलेक्ट्रोड करंटच घेत नाही. खड्डा करून मिठाचं पाणी ओता, चिखल दाबा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा ओता, आणि रीडिंग स्थिर झाल्याशिवाय वहीत लिहू नका. एकदा हात बसला की बसाल्टपेक्षा हे काम मला तरी सोपं वाटतं. थर सलग असतात, दोनशे मीटरवर चित्र पालटत नाही. आपल्याकडे एक बोअर लागते आणि शेजारची कोरडी जाते, म्हणून तर पाणाड्याचा नारळ अजून विकला जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरकडच्या मोहनगढला बोअर मारताना पाणी उसळून वर आलं आणि रिगच जमिनीत गेली, तेव्हा घरच्या ग्रुपवर मला चाळीस जणांनी सरस्वती नदीबद्दल विचारलं. तुम्हालाही विचारतील. दाबाखालचा अ‍ॅक्विफर असं उत्तर द्या आणि जेवायला बसा.

नोकरीचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यात हायड्रोजिऑलॉजीचा वेगळा पेपर. आपल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, निदान तिथे जाऊन जुने अहवाल कसे लिहितात ते बघा. राजस्थानच्या भूजल विभागाचं मुख्यालय जोधपूरला. जुन्या बोअरचे लिथोलॉग (कोणत्या खोलीवर कोणता थर लागला त्याच्या नोंदी) मागायचे असतील तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन स्वतः जा, पत्र हिंदीत लिहा, गावांची नावं आणि तहसील त्यातच द्या. ऑक्टोबरच्या शेवटी निघालात तर फेब्रुवारीपर्यंत फील्ड करता येतं.